शेवटच्या पळाची बोली



न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून वसंतातल्या संध्याकाळी संतवाङ्मय ऐकावे, शिवकाल ऐकावा, फार तर एखाद्या डॉक्टरांकडून प्रकृतीविषयी चार शब्द ऐकावेत, अशी आपल्या लोकांची सवय झाली आहे. त्यामुळे 'संगणकावरच्या लिलावात शेवटच्या क्षणी लावलेली बोली' हा विषय आम्ही कळवला, तेव्हा चिटणिसांनी तो दोनदा विचारून घेतला. त्यांना दोष नाही. रेडीसारख्या गावात, जिथे लोकांना सध्या काजूच्या दराची आणि आंब्याच्या मोहराची काळजी आहे, तिथे जुनी नाणी, तिकिटे आणि गंजिफा विकत घेणाऱ्या हौशी मंडळींच्या युक्त्या-प्रयुक्त्या कोणाला हव्यात?

पण विषय वाटतो तितका परका नाही. लिलाव हा शब्दच मुळी या किनाऱ्यावर उतरलेला आहे. पोर्तुगीज भाषेत 'लेइलांव' म्हणतात, त्याचा आपण लिलाव केला. घाटावरच्या जुन्या कागदांत हर्रास, हराजी असे शब्द भेटतात. ते अरबी-फारशीकडून खुष्कीच्या वाटेने आले. लिलाव मात्र गलबतातून आला. आणि तो आणणारे काही फार लांबचे नव्हते. १७४६ साली पोर्तुगीजांनी सावंतांकडून तेरेखोल घेतले, आपला हा यशवंतगडही घेतला. यशवंतगड पुढे त्यांच्या हातून सुटला. तेरेखोलचा किल्ला मात्र, आपल्या शिवेला लागून असूनही, १९६१ पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. तेव्हा शब्द शेजारचा आणि व्यवहार तर आपल्या रोजच्या पाहण्यातला.

रापण ओढून झाली, ओल्या वाळूत मासळीचे ढीग पडले, की पुकारणारा पुढे होतो. 'आणखी कोण वाढयता?' असे तो विचारतो. बायका कमरेवर हात ठेवून बोलतात, एकमेकींच्या तोंडाकडे पाहतात, पुन्हा बोलतात. एक वार, दोन वार म्हणताना पुकारणाऱ्याची नजर सगळ्या कोंडाळ्यावरून फिरत असते. कोणाच्या ओठांची नुसती हालचाल दिसली, तरी तो 'तीन वार' म्हणायचा थांबतो. कोणी बोलायचे राहून गेले तर त्याचेच नुकसान आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणजे या लिलावाला घड्याळ नाही. माणसे बोलायची थांबली, की लिलाव थांबतो. बोली हा शब्द बोलण्यावरूनच आलेला आहे, आणि त्या वाळूत तो अक्षरशः खरा असतो.

देवळातल्या पावणीत तर याहून गंमत. उत्सव झाल्यावर देवापुढची फळे, नारळ, केळीचे घड पुकारले जातात आणि बाजारात किरकोळ मोलाने मिळणारा नारळ हजारोंच्या बोलीला जातो. तिथे स्वस्तात मिळावे ही इच्छाच नसते. पैसा देवाला जायचा असतो, आणि मुंबईहून मुद्दाम आलेल्या चाकरमान्याला आपले नाव चार गावकऱ्यांच्या देखत पुकारले जावे असे वाटत असते. पावणीत शेवटपर्यंत गप्प बसून अचानक बोली लावणाऱ्याला कोणी हुशार म्हणणार नाही. तो लिलाव सर्वांच्या तोंडावर चालतो आणि त्याची सारी गोडी त्यातच आहे.

आता आपण संगणकावरच्या लिलावाकडे येऊ.

१९९५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत पिअर ओमिड्यार या तरुणाने ऑक्शनवेब नावाचे दुकान इंटरनेटवर उघडले; पुढे त्याचेच ईबे झाले. कोणीही आपली जुनी वस्तू तिथे मांडावी, जगातल्या कोणीही बोली लावावी, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या सेकंदाला जो वर असेल त्याला ती मिळावी, असा व्यवहार. आपल्याकडे २००० साली मुंबईत निघालेल्या बाझी या कंपनीने तोच कित्ता गिरवला. २००४ साली ईबेने तिला विकत घेतले, आणि पुढे हातबदल होऊन २०१८ साली ईबेचे भारतातले ते दुकान बंदही झाले. पण लोकांना लागलेली सवय राहिली. आज भारतात नाणी, नोटा, तिकिटे, जुनी छायाचित्रे, गंजिफा यांचे लिलाव इंटरनेटवर अखंड चालू असतात, आणि त्यांत भाग घेणारे लोक मोठ्या शहरांतलेच असतात असे मुळीच नाही. सावंतवाडीत बसलेला शिक्षक लिस्बनमधल्या नाण्यावर बोली लावतो.

या व्यवहारातली मेख त्या ठरलेल्या सेकंदात आहे. समजा, एक जुनी पितळी समई रविवारी रात्री ठीक नऊ वाजेपर्यंत लिलावात आहे. आठवडाभर दोघे-तिघे बोली लावतात आणि किंमत तीन हजारांच्या आसपास येऊन थांबते. नऊला पाच मिनिटे असतात, काही नाही. एक मिनिट असते, काही नाही. आणि नऊला चार सेकंद उरले असताना, ज्याचे नाव आठवडाभर कुठे दिसले नाही असा कोणी तरी बोली लावतो आणि समई घेऊन जातो. बाकीच्यांना कळेपर्यंत घड्याळाने लिलाव मिटलेला असतो. खाडीच्या कडेला एका पायावर उभा असलेला बगळा तासभर हलत नाही आणि मग एकदाच चोच मारतो, तसा हा प्रकार. इंग्रजीत या माणसाला दडून नेम धरणाऱ्या बंदूकवाल्याची उपमा देतात. आम्हांला बगळाच बरा वाटतो.

हे नवे आहे असे मात्र कोणी समजू नये. सतराव्या शतकात इंग्लंडात मेणबत्तीचे लिलाव होत. इंचभर मेणबत्ती पेटवायची, आणि ज्योत विझण्यापूर्वी ज्याची बोली शेवटची, त्याचा माल. आरमार खात्यातला अधिकारी सॅम्युएल पेपिस याने १६६० साली असा लिलाव पहिल्यांदा पाहिला. सुरुवातीला सगळे गप्प, आणि ज्योत फडफडू लागली की एकच ओरडा. शेवटी कोण ओरडला यावरून भांडण. १६६२ च्या सप्टेंबरात जुनी जहाजे विकताना त्याला एक माणूस इतरांपेक्षा नेमका बोलताना दिसला. त्याला विचारले, तेव्हा त्याने गुपित सांगितले, की ज्योत विझायच्या बेताला आली की वर जाणारा धूर खाली वळतो. तो वळला की आपण बोलायचे. पेपिसने ते रोजनिशीत टिपून ठेवले. साडेतीनशे वर्षांत मेणबत्ती जाऊन घड्याळ आले, धूर पाहणाऱ्याच्या जागी सेकंद मोजणारा यंत्रमानव आला. १९९९-२००० च्या सुमारास तर आपल्या वतीने शेवटच्या सेकंदाला बोली लावून देणाऱ्या सेवाही अमेरिकेत निघाल्या. लिलावाचा शेवट माणसांच्या हातून काढून वस्तूच्या हाती दिला, की त्या वस्तूकडे टक लावून बसणारा मनुष्य निर्माण होतोच.

आता खरा प्रश्न असा, की या बगळ्याने कोणाचे वाईट केले?

उत्तर देण्यापूर्वी संगणकावरच्या बोलीची एक खुबी समजून घेतली पाहिजे; ती न समजल्यामुळेच पुष्कळांचा राग चुकीच्या जागी जातो. ईबेसारख्या ठिकाणी आपण जो आकडा टाकतो तो लगेच द्यावा लागत नाही. तो आपला कमाल आकडा म्हणून यंत्र गुप्त ठेवते, आणि दुसऱ्याच्या बोलीपेक्षा एकच पायरी वर राहील इतकीच आपली बोली दाखवते. आपल्या समईवर पहिल्याने चार हजारांचा कमाल आकडा टाकला आणि दुसऱ्याने तीन हजारांचा. पायरी शंभराची असेल तर दिसणारी किंमत तीन हजार शंभर. आता शेवटच्या चार सेकंदांत तिसरा येतो आणि साडेचार हजार टाकतो. त्याला समई चार हजार शंभरांना मिळते.

यात पहिल्यावर अन्याय झाला का? त्याने चार हजार हा आकडा मनापासून टाकला असेल, म्हणजे चार हजारांपलीकडे एक पैसा देणार नाही असे ठरवून टाकला असेल, तर त्याचे काहीच गेले नाही. तिसरा सोमवारी आला असता तरी समई त्यालाच गेली असती. चडफडतो कोण? 'सध्या चार टाकून ठेवू, कोणी वर गेला तर पाच करू' असे मनात म्हणणारा. त्याने यंत्राला खरा आकडा सांगितलाच नव्हता. सांगायचा अवधी मिळेल या भरवशावर तो होता, आणि बगळ्याने नेमका तो अवधीच खाल्ला. आम्हांला पत्रे येतात, लोक भेटून तक्रारी सांगतात. त्या ऐकताना हे हटकून दिसते, की लुबाडलो गेलो म्हणणारा मनुष्य आपला आकडा कधी ठरवतच नाही. दुसऱ्याने किती म्हटले यावरून तो आपली हौस मोजत असतो.

एवढ्यावर हा विषय संपला असता तर व्याख्यानाची गरज नव्हती. पण प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे आहे. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. रॉथ यांना पुढे, २०१२ साली, वेगळ्या कामासाठी नोबेल मिळाले. त्या काळी ईबेबरोबर ॲमेझॉनही लिलाव चालवी. फरक एवढाच, की ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला संपे आणि ॲमेझॉनचा शेवटच्या दहा मिनिटांत कोणी बोलले तर आणखी दहा मिनिटे पुढे जाई. माल तोच, माणसे तशीच, नियम मात्र वेगळा. ईबेवर जुन्यापुराण्या वस्तूंच्या लिलावांपैकी शेकडा ५९ मध्ये शेवटच्या पाच मिनिटांत बोली आलेली दिसली. संगणकांच्या लिलावांत हा आकडा ४० होता. ॲमेझॉनवर दोन्हीकडे तो अवघा ३ च्या आसपास. म्हणजे बगळे जन्मतः बगळे नव्हते. घड्याळाने त्यांना तसे केले होते.

त्या दोन आकड्यांतला फरकही मोठा बोलका आहे. संगणकासाठी ४० आणि जुन्या वस्तूंसाठी ५९, असे का? संगणकाची किंमत बाजारात कोणालाही विचारता येते. पण जुन्या वस्तूची किंमत जाणकाराच्या डोळ्यांत असते. आपल्याच परिसरातले उदाहरण घेऊ. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा पूर्ण डाव १२० पानांचा, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा पाने. आता इंटरनेटवर कोणी 'जुने गोल पत्ते' एवढेच लिहून असा डाव मांडला, छायाचित्रेही धुरकट. सामान्य माणसाला तो शोभेचा नवा डाव आहे की शंभर वर्षांपूर्वीच्या चितारी घराण्याचे काम आहे, हे कळणार नाही. जाणकाराला रंगावरून, लाखेच्या चकाकीवरून कळते. पण त्याने सोमवारी पाच हजारांची बोली लावली, की इतरांना तेवढ्याने सुगावा लागतो: अमका माणूस पाच हजार देतो आहे, तेव्हा यात काही तरी आहे. त्याची वीस वर्षांची विद्या त्याच्या बोलीतून फुकट वाटली जाते. म्हणून तो गप्प राहतो, आणि त्याचे हे गप्प राहणे आम्हांला निव्वळ लबाडी वाटत नाही.

त्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लिलावात खोटी बोली लावणारे हस्तक असतात. विकणाऱ्याचाच कोणी माणूस दुसऱ्या नावाने किंमत चढवत राहतो. बाजारात याला पुष्कळ नावे आहेत, त्यांतली बरीच इथे उच्चारण्याजोगी नाहीत. जो सोमवारी आपला कमाल आकडा टाकून निर्धास्त झोपतो, त्याला हा हस्तक रोज शंभर-शंभरांनी चढवत नेऊन त्याच्या आकड्याच्या तोंडाशी आणून ठेवतो. शेवटच्या चार सेकंदांत येणाऱ्याला चढवायला त्याच्याजवळ वेळच नसतो. चोराला चुकवण्यासाठी जो दाराआड उभा राहतो त्याला आपण चोर म्हणत नाही.

मग तोटा कोणाचा? विकणाऱ्याचा, आणि पुष्कळदा वस्तूचा. जाणकार सगळेच गप्प राहिले, तर चांगली वस्तू आठवडाभर निपचित पडून राहते. तिची किंमत कधी उघड होतच नाही. शिवाय शेवटच्या सेकंदाला टाकलेली बोली पोचेलच असे नसते. आपल्याकडे मिरगाच्या पहिल्या वाऱ्याला एक फांदी तारेवर आली, की वीज आणि रेंज दोन्ही बरोबरच जातात, हे आम्ही तुम्हांला काय सांगावे! दहापैकी दोन-तीन बोल्या अशा वाटेत अडकल्या, की उरलेल्यांना वस्तू स्वस्त पडते. रॉथ आणि ओकेनफेल्स यांनी हेही दाखवले आहे, की सर्वांनी थांबण्यात अशा तऱ्हेचा एक अबोल समझोताच असू शकतो. रुमालाखाली बोटे दाबून होणारा हापूसचा सौदा आपल्या बागायतदारांनी पाहिलेला आहे. तिथेही घेणाऱ्यांना सर्व कळते. ज्याचा आंबा, तो मात्र बाजूला उभा राहून रुमालाकडे पाहत असतो.

तोड अवघड नाही. किंबहुना ती आपल्या पुकारणाऱ्याला शाळेत न जाता ठाऊक आहे: कोणी बोलले तर थांबा. मुंबईच्या सॅफ्रनआर्टने २००० सालापासून चित्रांचे लिलाव इंटरनेटवर चालवले. त्यांच्याकडे शेवटच्या मिनिटांत बोली आली की मुदत पुढे सरकते. सरकारी मालाचे लिलाव चालवणाऱ्या एमएसटीसीचाही असाच नियम असतो. शेजारच्या गोव्यात २०१२ साली खाणी थांबल्या आणि काढून ठेवलेल्या खनिजाच्या ई-लिलावाला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये मुभा दिली, तेव्हापासून 'ई-लिलाव' हा शब्द आपल्या भागात ट्रकवाल्यांच्याही तोंडी बसला. जिथे हजारो टन लोहखनिज विकायचे असते, तिथे सरकार चार सेकंदांच्या बगळ्यावर विसंबून राहत नाही. मग पणजोबांच्या गंजिफांसाठी आपण का विसंबावे? विकणाऱ्याने लिलावाचा शेवट कसा होतो ते आधी विचारावे, आणि मुदत पुढे सरकणाऱ्या ठिकाणीच चांगली वस्तू मांडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे मत आवडणार नाही.

तिकिटे जमवणाऱ्यांचे एक श्रेय मात्र सांगितले पाहिजे. 'सर्वांत मोठी बोली जिंकेल, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाची द्यावी लागेल' ही जी यंत्राची रीत आपण पाहिली, तिची शास्त्रीय मांडणी विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली केली, आणि १९९६ साली त्यांना नोबेल जाहीर झाले. जाहीर झाल्यावर तीनच दिवसांत ते वारले. पण अमेरिकेतले तिकिटांचे व्यापारी ही रीत १८९३ पासून टपालाने वापरत होते. दूरगावच्या गिऱ्हाइकाने पत्रात आपला कमाल आकडा लिहून पाठवायचा आणि व्यापाऱ्याने त्याच्या वतीने दुसऱ्यापेक्षा थोडेच वर राहायचे. हौशी लोकांनी केलेली गोष्ट पंडितांच्या ध्यानात यायला ६८ वर्षे लागली.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिच्याकडे वळतो. खाजगी हौशी माणसाने समई गमावली तर तो दोन दिवस हळहळेल आणि तिसऱ्या दिवशी दुसरी समई शोधेल. पण वस्तू सर्वांची असेल तेव्हा काय? मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, घड्याळ, चपला, थाळी आणि वाटी लिलावात निघाली; इकडे न्यायालय, तिकडे वकिलात, अशी धावपळ होऊन अखेर विजय मल्ल्यांनी १८ लाख डॉलरला ती घेतली. आणि २०२५ साली आपल्या महाराष्ट्रावरच तसा प्रसंग आला. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक, बंगाल-ओडिशापर्यंत स्वाऱ्या करणारे सेनासाहेबसुभा रघूजी भोसले यांची तलवार लंडनला सदबीजच्या लिलावात आली. पाते युरोपात घडलेले, म्हणजे जिला आपण फिरंग म्हणतो ती जात. वर सोन्याने देवनागरीत नाव. लिलाव २९ एप्रिलचा. तलवार विकली जाते आहे ही बातमी इकडे सर्वांच्या कानी आली ती २८ एप्रिलला.

एका दिवसात काय होते? सरकार म्हणजे काही खिशात हात घालणारा गृहस्थ नव्हे. प्रस्ताव, मंजुरी, अर्थखात्याचा शेरा, परदेशी चलन, आणि सरकारला स्वतः बोली लावता येत नाही ही अडचण वेगळीच. तरीही मध्यस्थामार्फत बोली लावली गेली आणि वाहतूक, हाताळणी, विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपयांत तलवार मिळाली. १८ ऑगस्ट २०२५ ला ती मुंबईत उतरली. मराठ्यांची ऐतिहासिक वस्तू परदेशी लिलावातून राज्य सरकारने परत आणली, याचा आम्हांला सर्वांइतकाच आनंद आहे. पण आनंदाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. शेवटच्या क्षणी दोन तऱ्हेची माणसे लिलावाला पोचतात. बगळा शेवटच्या क्षणी येतो, कारण त्याची तयारी आठवडाभर आधी झालेली असते: वस्तू पारखलेली, आकडा ठरलेला, फक्त बोट उचलायचे बाकी. सार्वजनिक संस्था शेवटच्या क्षणी येते, कारण तिला कळतेच तेव्हा. यावेळी साधले, म्हणून दरवेळी साधेल असे नाही. परदेशी लिलावगृहांच्या याद्या आठवडे आधी छापून येतात, इंटरनेटवर कोणालाही दिसतात. त्या नेमाने वाचणारा एक माणूस, आणि मंजुरीची वाट न पाहता वापरता येईल असा एक राखीव निधी, एवढे असले तर तलवारीसाठी रात्र जागवावी लागणार नाही.

हे मुंबईच्या सरकारापुरतेच आहे असे मानू नका. आपल्या भागातली घरे रिकामी होत आहेत. मुले मुंबईला, पुण्याला, आखाती देशांत. घरी म्हातारे दोघे, किंवा नुसते कुलूप. मांडवी उतरवली जाते, फणसाच्या लाकडाचा देव्हारा, कोरीव गणेशपट्टी, तांब्याचे हंडे, समया, मोडी कागदांची गाठोडी किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे जातात. तिथून ती कुठे जातात, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. पितळ म्हणून विकलेली समई दोन महिन्यांनी 'कोकणातील जुनी दीपसमई' असे नाव धारण करून लिलावात उभी राहते. गावच्या देवस्थानाला किंवा वाचनालयाला ती परत घ्यावीशी वाटली, तर सभा बोलवायला पंधरा दिवस आणि ठरावाला आणखी पंधरा. लिलाव सात दिवसांचा. म्हणून अशा संस्थांनी वर्षाच्या सभेतच थोडी रक्कम आणि एका जबाबदार माणसाला दिलेला अधिकार ठरवून ठेवावा. मग त्या माणसाने शेवटच्या चार सेकंदांत बोली लावली, तरी आम्ही त्याला नावे ठेवणार नाही.

विकणाऱ्यांसाठी कायद्याचे दोन शब्द. १९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी कलाकृती, नाणे, मूर्ती ही पुरावस्तू. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचे हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षे पुरतात. अशी वस्तू देशाबाहेर पाठवण्याची खाजगी माणसाला मनाई आहे, आणि पाठवली तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. तेव्हा लंडनहून किंवा दुबईहून कोणी मोठी बोली लावली म्हणून हुरळून पोस्टात पुडके टाकायला जाऊ नये. आणि अमक्या आकड्याची नोट, तमके जुने नाणे द्या, लाखो रुपये मिळवा, असे सांगून आधी 'शुल्क' मागणारे जे निरोप मोबाईलवर येतात, ते लिलाव नव्हेतच. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे, की तिच्या नावाने असे शुल्क मागण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही.

काही मंडळींनी घरची नाणी दाखवायला बरोबर आणली आहेत असे चिटणिसांनी मघाशी सांगितले. आभारप्रदर्शन झाल्यावर आम्ही खाली कंदिलाजवळच्या टेबलाशी बसतो. शिवराई असेल, गोव्याच्या टांकसाळीचा रुपया असेल, जे असेल ते आहे तसेच घेऊन या. चिंचेने किंवा राखेने घासू मात्र नका. घासलेल्या नाण्यावरचे अक्षरही जाते आणि मोलही. आणि ज्यांनी आजच दुपारी घासली असतील त्यांनीही संकोच न करता यावे. वाचता येईल तेवढे आपण वाचू.